नाव नाही, तर वाक्य नाही

माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं विशेषणं खोडण्यात गेली. विशेषणं माझी असायची आणि खोडणारी पेन्सिल सोलांजची.

दोष माझ्या बालपणाचा. माझे बाबा नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि शिक्षक संघटनेची पत्रकं लिहायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. वाचायला शिकले ती त्यांवरच. 'धडधडीत', 'निर्लज्ज', 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी येत होते. मथळा बाहेर आणि मागण्या आत राहतील अशी घडी कशी घालायची, हे सहाव्या वर्षी येत होतं. बर्मिंगहॅमला एम.ए. संपवून लंडनमधल्या एका छोट्या राजकीय मासिकात नोकरी लागली, तेव्हा पहिला लेख मी पत्रकासारखाच लिहिला. सोलांजनं तो वाचला, पेन्सिल उचलली आणि दहा मिनिटांनी परत केला. 'निर्दयी घरमालक' यातला निर्दयी गेला होता. 'भयाण शांतता' यातली भयाणही गेली होती आणि शांतताही.

"वाचकाला राग आणून देणं तुझं काम नाही," ती म्हणाली. "तू पुरावा दे. राग त्याच्याकडे असतोच."

सोलांज आमची संपादक. उत्तर फ्रान्समधल्या एका रेल्वे कामगाराची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी पॅरिसमध्ये मेट्रोच्या जिन्याशी उभी राहून एक डावं साप्ताहिक विकायची. विकता विकता त्यात लिहायला लागली आणि ते बंद पडेपर्यंत तिथेच राहिली. इंग्लंडमधल्या एका संपावर लिहायला म्हणून दोन आठवड्यांसाठी आली, त्याला तीस वर्षं झाली. मी तिला भेटले तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती. वेम्बलीजवळ सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "ऐक, अग्रलेख लिहितायत."

बाहेरच्या माणसासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. मासिकाची बातमी ही रोजच्या बातमीसारखी नसते. काय घडलं हे सगळ्यांना कळून गेलेलं असतं. ते कोणी घडू दिलं, हे आम्ही शोधतो. माणसं भेटतात, बोलतात, आपण लिहून घेतो. मग छापण्याआधी, ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप कळवून उत्तराची संधी द्यायची. ही इथली ब्रिटिश रीत, आणि चांगली रीत आहे. इथल्या बदनामीच्या कायद्यात छापलेलं खरं आहे हे छापणाऱ्याला सिद्ध करावं लागतं, त्यामुळे ती शहाणपणाचीही आहे.

सोलांजनं यात एक फ्रेंच रीत मिसळली होती. ज्यानं मुलाखत दिली त्याला त्याची वाक्यं छापण्याआधी वाचायला द्यायची. हे ऐकून ब्रिटिश पत्रकारांचे चेहरे आंबट होतात. वाचायला दिलं की माणूस घाबरून सगळं बदलतो, असं त्यांचं म्हणणं. सोलांजचं उत्तर ठरलेलं होतं: "वाचून घाबरणारा माणूस छापून आल्यावर जास्त घाबरेल. आधीच घाबरू दे." त्याच्या जोडीला तिचा स्वतःचा एक नियम होता, आणि तो फ्रेंचही नव्हता आणि ब्रिटिशही नव्हता. वाक्याखाली माणसाचं नाव हवं. 'एक रहिवासी म्हणाला' आमच्याकडे चालत नसे. नाव नाही, तर वाक्य नाही.

हा नियम मला भयंकर वाटायचा. भयंकर हे विशेषण मी इथे मुद्दाम ठेवते आहे.

वॉटफर्डमधल्या एका इमारतीची गोष्ट. पूर्वी ते ऑफिस होतं. मग आत पातळ भिंती घालून त्याचे फ्लॅट केले आणि भाड्यानं दिले. देखभाल मालकाच्या वतीनं एक मॅनेजिंग एजंट बघायचा आणि तपासणी कौन्सिलनं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, करायची. भाडेकरूंत पुण्या-नागपूरकडची सात कुटुंबं. बहुतेक सॉफ्टवेअर नाहीतर बँक, सगळी वर्क व्हिसावर. एका सकाळी स्नेहल धोत्रे नावाच्या मुलीचा मला फोन आला. ती मूळची पुण्याची, मॅटर्निटी लीव्हवर होती.

"तुम्ही मराठीत बोललात तर बरं, म्हणजे मी नीट चिडू शकेन," ती म्हणाली. "आमच्या बिल्डिंगचा फायर अलार्म बंद आहे. मॅनेजिंग एजंटला कळवलं, कौन्सिलला कळवलं. सगळीकडून तक्रारीचा तिकीट नंबर येतो. माझं बाळ पाचव्या मजल्यावर झोपतं हो. तिकीट नंबर काय गळ्यात बांधू त्याच्या?"

मी त्याच दिवशी गेले. दारातच तिचे सासरे भेटले. धोत्रेकाका नागपूरच्या वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंता. नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी आले होते. कचरा टाकायला खाली जाताना पोस्टाच्या पेट्यांशेजारचं अलार्मचं पॅनेल त्यांच्या नजरेला पडलं होतं. सवयीचा माणूस. त्यांनी त्याच दिवशी वही आणली.

"हे पाहा," वही पुढे करत ते म्हणाले. "पिवळा दिवा पेटला की पॅनेल सांगून राहिलं, बाबा रे, मी आजारी आहे. त्याच्यासंगं बझर वाजते. इथं बझर दाबून बंद केलेली. म्हणजे पेशंट ओरडून राहिला न् यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला."

वहीत रोजची नोंद होती. तारीख, सकाळी साडेसात, पिवळा दिवा चालू, बझर बंद, सही. अडीच महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता. मी सातही कुटुंबांशी बोलले. खिडक्या चार बोटंच उघडतात. जिन्याचं एक दार विटेनं उघडं ठेवलेलं. प्रत्येक घरातून एक जण आणि शिवाय धोत्रेकाका, असे आठ जण नाव द्यायला तयार झाले. स्नेहलचा नवरा अमोल जरा कुरकुरला, पण तोही झाला.

लेख झाला. इथे मी चूक केली. आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला त्याची वाक्यं पाठवायची असतात, फक्त त्याची. लेख इतका छान जमला होता आणि विशेषणं इतकी कमी होती, की उत्साहाच्या भरात मी सगळाच लेख त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वाचून कळवा.'

एजंटला उत्तराची संधी देणारं आमचं पत्र सोमवारी जायचं होतं. त्याआधी, शुक्रवारी दुपारीच, त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. माझ्या लेखातला तिसरा परिच्छेद त्यात शब्दशः होता. अलार्म यंत्रणा संपूर्ण काळ पूर्णपणे चालू स्थितीत आहे, लेख धादांत खोटा आहे, छापल्यास कारवाई करू. त्याच दिवशी प्रत्येक भाडेकरूला एजंटची मेल गेली: पुढच्या कराराच्या वेळी 'सर्व बाबींचा विचार केला जाईल'.

एवढं पुरलं. तासाभरात माझा फोन खणखणायला लागला. 'प्लीज रिमूव्ह माय नेम.' 'ताई, सॉरी, व्हिसाचं एक्स्टेन्शन चालू आहे.' 'आमचं नाव नको, पण लेख नक्की छापा हं, खूप गरज आहे.' सात घरांनी नावं काढून घेतली. अमोलचा मेसेज सर्वांत लांब होता आणि त्यात तीनदा 'विथ ड्यू रिस्पेक्ट' होतं. राहिलं नाव एक, धोत्रेकाकांचं. त्यांनी काहीच कळवलं नव्हतं.

अंक पुढच्या गुरुवारी दुपारी छापखान्यात जायचा होता.

"नावांशिवाय छापू," मी सोलांजला म्हणाले. "वही आहे. फोटो आहेत. पाचव्या मजल्यावर बाळ आहे!"

"नाही."

"तुझा नियम मोठा की बाळ?"

मी आवाज चढवला होता. खाली सायकलवाल्यानं हवा भरायचं थांबवलं. सोलांजचा आवाज मात्र चढला नाही. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"मी पंचवीस वर्षांची असताना," ती म्हणाली, "पॅरिसबाहेरच्या एका रंगाच्या कारखान्यावर लिहिलं होतं. तिथल्या बायका काम करता करता चक्कर येऊन पडायच्या. मी त्यांचं भलं करायचं म्हणून नावं छापली नाहीत. 'एक कामगार', 'दुसरी कामगार'. मालक म्हणाला, या बाईनं कॅफेत बसून सगळं रचलंय, दाखवा एक तरी माणूस. माझ्याकडे दाखवायला कोणी नव्हतं. लेख मेला. कारखाना तसाच चालला, बायका तशाच पडत राहिल्या. दोन वर्षांनी त्यांतली एक मला बाजारात भेटली. मी माफी मागितली. ती काय म्हणाली माहिती आहे? 'तू मला विचारलंच नाहीस. मी नाव दिलं असतं.'"

तिनं चष्मा पुन्हा चढवला.

"या सात घरांनी नावं काढली असं तू म्हणतेस. तू त्यांना विचारलंस, की फोनवर वाचलंस?"

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला आपण लोकांच्या वतीनं बोलतो याचा फार अभिमान असतो. लोकांना विचारायचं राहून जातं. रविवारी सकाळी मी लेखाची पानं छापून घेतली, प्रत्येकाची वेगळी, फक्त त्याची वाक्यं असलेली, आणि वॉटफर्डची ट्रेन धरली. सोलांज बरोबर आली. म्हणाली, "मी काही बोलणार नाही. मला फक्त तो दिवा पाहायचाय."

तिनं तो पाहिला. पोस्टाच्या पेट्यांशेजारी, पिवळा. एखाद्या ओळखीच्या माणसाला पाहावं तसं बघत राहिली.

धोत्र्यांच्या घरी कोथिंबिरीची सांबारवडी तळणं चालू होतं आणि भांडणही. दार स्नेहलनं उघडलं. अमोल सोफ्यावर बसून फोनकडे बघत होता. लंडनच्या एका बँकेत रिस्क विभागात होता. घरातही त्याच स्वरात बोलायचा.

"बघा, आय अॅम नॉट सेइंग की तुम्ही चुकीचं लिहिलंय," तो म्हणाला. "पण व्हिसा रिन्यूअल तोंडावर आलंय. लँडलॉर्डनं काढलं तर नवीन घर, नवीन नर्सरी, सगळं. बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. राहायचं आम्हाला आहे."

"हो ना, राहायचंय," स्नेहल स्वयंपाकघरातून म्हणाली. "म्हणूनच तर!"

"आणि मुळात," अमोल माझ्याकडे वळला, "तो ड्राफ्ट त्यांच्यापर्यंत गेलाच कसा? ग्रुपमधल्याच कोणीतरी फोडलाय. मला तो माणूस पाहिजे."

वडी तळल्याचा आवाज तेवढा येत होता. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून धोत्रेकाका खाकरले.

"मी पाठवला."

"काय?"

"मीच पाठवला. मेलनं. फोडला नाही. पाठवला."

"बाबा! काय बोलताय तुम्ही? का?"

"का म्हणजे?" काका खरोखरच चकित झाले होते. "चौतीस वर्षं नोकरी केली. कोणाबद्दल वर तक्रार पाठवायची तर आधी त्याच्याच ऑफिसातून जाते ती. थ्रू प्रॉपर चॅनेल. त्याच्या पाठीमागं छापून टाकायचं, हे बरं दिसते का? मी व्यवस्थित कव्हरिंग लेटर जोडलं. फॉर युवर काइंड पेरुजल अँड नेसेसरी अॅक्शन."

अमोलनं कपाळ धरलं. मीही धरलं असतं, पण हातात पानं होती. सोलांजनं काय झालं म्हणून विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं. तिनं लगेच विचारलं:

"उत्तर आलं?"

मी काकांना विचारलं.

"आलं की. त्याच दिवशी आलं. सभ्य लोक आहेत. मी फाइल केलं."

फाइल म्हणजे ती वही. गुरुवारच्या पानावर मेलचा प्रिंट काढून नीट डिंकानं चिकटवला होता. एजंटच्या ऑफिसातल्या कोणा गरीब कारकुनानं लिहिलेला. पत्रकारांना उत्तर देताना लोक वकिलाला विचारतात. काइंड पेरुजल म्हणणाऱ्या आजोबांना उत्तर देताना कोणी कोणाला विचारत नाही. त्यानं काकांचे आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं की पॅनेल वसंत ऋतूपासून नादुरुस्त असल्याची आम्हाला कल्पना आहे, सुटा भाग मागवला आहे, बझरचा रहिवाशांना त्रास होऊ नये म्हणून तो बंद ठेवला आहे.

मी ते दोनदा वाचलं. काकांना आलेल्या मेलमध्ये 'कल्पना आहे'. दुसऱ्या दिवशीच्या वकिलाच्या पत्रात यंत्रणा पूर्णपणे चालू. असं एक वाक्य मिळवायला आमच्या धंद्यात महिने जातात. काकांनी ते दुपारच्या चहापर्यंत मिळवलं होतं आणि फाइल केलं की झालं म्हणून तीन दिवस कोणाला दाखवलं नव्हतं.

सोलांज हसत सुटली. इतकी, की स्नेहलनं तिला पाणी आणून दिलं. "तीस वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "तीस वर्षं मी या देशात उत्तराची संधी देते आहे. असं उत्तर मला कोणी दिलं नाही. या गृहस्थांना सांग, माझ्या जागेवर बसायचं असेल तर खुर्ची रिकामी आहे."

अमोल हसला नाही. त्यानं वही मांडीवर घेतली होती आणि तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता.

"दे न्यू," तो म्हणाला. मग मराठीत, हळू: "त्यांना माहीत होतं."

आतल्या खोलीत बाळ झोपलं होतं. अमोलनं त्या दाराकडे पाहिलं. माझ्या हातात त्याचं पान होतं. त्यावर त्याची दोनच वाक्यं होती आणि खाली नावाची रिकामी ओळ. मला लांबलचक भाषण येत होतं, बाबांच्या पत्रकांतली निम्मी तोंडपाठ होती. मी ते गिळलं. सोलांजनं शिकवलं होतं तेवढंच केलं.

"तुमचं नाव देऊ का?" मी विचारलं.

"ऑफिसात मी दिवसभर हेच करतो," अमोल म्हणाला. "रिस्क माहीत असून कोणी गप्प बसलं तर त्याचं नाव रिपोर्टमध्ये टाकतो. इथे मी..." त्यानं पेन मागितलं. सही केली. मग फोन उचलून ग्रुपवर मेलचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'माझं नाव छापा. पूर्ण. अमोल सुधाकर धोत्रे, फ्लॅट नंबरसकट.'

मग आम्ही जिन्यानं एकेक मजला उतरलो. प्रत्येक दारात मी पान वाचून दाखवलं आणि विचारलं. एकानं दोन शब्द बदलले. एकीनं नवऱ्याला बाजूला सारून स्वतःचं नाव लिहिलं. शुक्रवारी तासाभरात गेलेली सात नावं रविवारी दुपारपर्यंत परत आली. तीन अजून वाढली, त्यांत एक पोलिश जोडपं. त्यांना व्हिसाची चिंता नव्हती, पण इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी छापखान्याला पानं जायच्या तासभर आधी काकांनी फोन केला. आपली वाक्यं वाचून झाली होती, मजकुराबद्दल तक्रार नव्हती.

"पण हुद्दा चुकला, बेटा. तू कनिष्ठ अभियंता लिहिलं. मी उपकार्यकारी म्हणून रिटायर झालो. नाव जाऊन राहिलं तर पूर्ण बरोबर जाऊ दे."

मी दुरुस्त केलं. वकिलाला आम्ही दोन ओळींचं उत्तर पाठवलं आणि त्यांच्या अशिलाच्याच मेलची प्रत जोडली. तिकडून पुन्हा पत्र आलं नाही. अंक निघाला. पहिल्या पानावर अकरा नावं होती, एकाखाली एक. लेखात विशेषण एकच होतं, 'पिवळा', आणि ते सोलांजनं ठेवलं. आठवड्याच्या आत फायर ब्रिगेडचे लोक तपासणीला आले, कौन्सिलला तिकीट नंबर सापडला आणि मागवलेला सुटा भाग अचानक पोचला. कोणाचाही करार थांबला नाही. अकरा नावं छापून आलेल्या घरांना नोटीस देणं किती वाईट दिसेल, हे एजंटलाही कळत होतं. नाव झाकलं की माणूस सुरक्षित राहतो, असं मला तोवर वाटायचं.

एक गोष्ट मला अजून टोचते. तो कारकून. त्याची नोकरी टिकली का, ते मला माहीत नाही. मी शोधलं, सापडला नाही. त्याचं नाव लेखात घातलं नव्हतं. सोलांजचा नियम बोलणाऱ्यासाठी होता. त्यानं आम्हाला काही सांगितलं नव्हतं, फक्त एका आजोबांना खरं उत्तर दिलं होतं. त्या इमारतीच्या कारभारात खरं लिहिणारा तो एकटाच.

त्या अंकानंतर थोड्याच दिवसांत सोलांज निवृत्त झाली. तिची पेन्सिल आता माझ्या टेबलावर आहे आणि नव्या मुलांना मी फार खोडते अशी त्यांची तक्रार आहे. तिच्या निवृत्तीचा समारंभ करायचं आम्ही ठरवलं, तर म्हणाली, भाषणं नकोत. त्यापेक्षा बुधवारी मला वॉटफर्डला ने.

इथे अशा इमारतींत आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी अलार्म वाजवून पाहतात. लेखानंतरची ती पहिली चाचणी होती. आम्ही पोचलो तेव्हा खाली पोस्टाच्या पेट्यांशेजारी बरीच माणसं जमली होती. स्नेहल बाळाला घेऊन, अमोल ऑफिसला उशिरा जाणार म्हणून कळवून, पोलिश जोडपं, वरच्या मजल्यावरच्या बायका. धोत्रेकाका कोट घालून पॅनेलसमोर उभे होते. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. दिवा हिरवा होता. काकांनी सोलांजला पुढे बोलावलं, "मॅडम, प्लीज," आणि स्वतःच्या शेजारी जागा करून दिली.

अलार्म वाजला. सगळ्या जिन्यातून, सगळ्या मजल्यांवरून, कान फाटतील असा. बाळानं भोकाड पसरलं. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, पण टाळ्या ऐकूच येत नव्हत्या. सोलांज काहीतरी म्हणाली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"छापलेलं ऐकू येतं," ती ओरडत होती, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं!"

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली, खिशातून पेन काढलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. बुधवार. सकाळी दहा. दिवा हिरवा. बझर चालू. घंटा वाजली. आणि खाली नेहमीसारखी सही, या वेळी पूर्ण नावानं.